मडक्यांची गाळणी आणि पाळीला लागलेला झरा

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी शिक्षक असलेल्या तरुण लेखकाने आपल्या पहिल्या किशोर कादंबरीचे हस्तलिखित मला पाठवले आहे आणि सोबत एक प्रश्न विचारला आहे. नायक इतका हुशार आणि कल्पक असूनही आठवीच्या मुलांना तो आवडत का नाही? मुले चाळिसाव्या पानाच्या पुढे जात नाहीत, आणि कारण विचारले तर "सर, त्याले सगळंच येते" एवढेच सांगतात. कथा थोडक्यात अशी आहे. नववीतला गुणवंत भंगारातून यंत्रे बनवतो. त्याच्या गावच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावावर शहरातून वाघाच्या कातड्यांचे तस्कर येतात आणि तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फोडण्याचा कट रचतात. गुणवंत सायकलच्या डायनामोवर मोटारपंप चालवतो, कुंपणात वीज सोडून तस्करांना पकडतो, एका रात्रीत काळ्या पाइपाने तलाव उपसून गाव वाचवतो, आणि शेवटी जिल्हाधिकारी त्याचा सत्कार करतात.

मी भंडारा जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत सव्वीस वर्षे विज्ञान शिकवले, त्या काळात मुलांसाठी काही कादंबऱ्या लिहिल्या आणि निवृत्तीनंतर इतरांची हस्तलिखिते वाचण्याचे काम करतो. त्या अनुभवावर सांगतो की तुमच्या विद्यार्थ्यांनी जे एक वाक्य म्हटले आहे, त्याहून अचूक परीक्षण मी लिहू शकणार नाही. ज्याला सगळेच येते त्याच्या बाबतीत पुढे काय होईल ही उत्सुकता उरत नाही, आणि साहसकथा तर त्या उत्सुकतेवरच चालते. मात्र यावर उपाय म्हणून नायकाला थोडा मठ्ठ करावा असे कृपया समजू नका. तो हुशारच राहू द्या. अडचण अशी आहे की त्याची हुशारी तुम्ही वाचकाला सांगता, दाखवत नाही; शिवाय ती जिथे दाखवली आहे तिथे हिशेब चुकला आहे.

हिशेबापासूनच सुरुवात करू, कारण तुम्ही स्वतः गणित शिकवता. सायकलचा साधा डायनामो ६ व्होल्टचा आणि ३ वॉटचा असतो. शेतातला ५ अश्वशक्तीचा पंप सुमारे ३,७०० वॉट वीज मागतो. म्हणजे गुणवंताला बाराशेहून अधिक डायनामो आणि तेवढेच सायकलस्वार लागतील, आणि एवढे लोक जमले तर त्यांनी घमेल्यांनी पाणी उपसलेले बरे. आठवीच्या मुलाला ३,७०० हा आकडा ठाऊक नसेल, पण डायनामोचा दिवा किती मिणमिणता असतो आणि पंप सुरू होताना घरातला बल्ब कसा मंदावतो हे त्याने रोज पाहिलेले असते. तिथे त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, आणि पुढे तुम्ही खरे सांगितले तरी तो उदारपणे खोटे समजून वाचतो. तोच डायनामो एक छोटा एलईडी दिवा मात्र रात्रभर पेटता ठेवील, अट एवढीच की कुणीतरी रात्रभर चाक फिरवले पाहिजे. आळीपाळीने चाक फिरवणारी, पेंगणारी, एकमेकांना चिमटे काढून जागे ठेवणारी चार मुले म्हणजे एक चांगले प्रकरण आहे, आणि ते तुम्हाला ३ वॉटच्या मर्यादेने दिलेले आहे.

आता तलावाकडे येऊ. पाइप पाण्याने भरून, दोन्ही तोंडे दाबून, पाळीवरून पलीकडे सोडला की पाणी आपोआप वाहू लागते, हे तुम्ही बरोबर लिहिले आहे. परंतु किती वाहते? आपल्या शेतांत वापरतात तो अडीच इंची काळा पाइप, ३० मीटर लांब आणि दोन मीटरचा उतार मिळाला तरी, सेकंदाला जेमतेम ५ लीटर पाणी काढील. दिवसभरात ते ४३२ घनमीटर होते. तुमचा तलाव पाच हेक्टरांचा आहे, आणि पाच हेक्टरांवरचे एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ५०० घनमीटर. अखंड चोवीस तास पाइप चालला तरी तलावाची पातळी एक बोटसुद्धा उतरणार नाही, आणि वरून पाऊस सुरूच आहे.

हा हिशेब वाचून तुम्ही कदाचित निराश व्हाल, पण माझ्या मते तुमच्या कादंबरीचा मध्यबिंदू नेमका इथे आहे. गुणवंताला पाइपाची युक्ती सुचू द्या. मुलांनी घरोघरून पाइप गोळा करू द्या, पाणी पलीकडे पडताच जल्लोष होऊ द्या. मग त्याची बहीण, जी तुमच्या हस्तलिखितात फक्त डबा पोहोचवते, तिला पाण्याच्या कडेला एक काठी रोवून त्यावर कोळशाने खूण करू द्या. दोन तासांनी पाणी खुणेच्या वर गेलेले असेल. ती वहीत गुणाकार करील आणि भावाला वही दाखवील. भावाच्या हातात कसब आणि बहिणीच्या हातात आकडे, अशी वाटणी केली की "त्याले सगळंच येते" ही तक्रार निम्मी मिटते, आणि पहिला उपाय फसल्यामुळे उरलेली निम्मीही कमी होते.

तलावाकाठचा वाचक लगेच विचारील की तुडुम का उघडत नाहीत. जुन्या तलावांत पाणी सोडण्याची ही व्यवस्था पाळीतच केलेली असते, आणि संकटात गावकरी आधी तिथेच धावतील. म्हणून त्याचे उत्तर कथेत असायलाच हवे. पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या बुचावर तीन मीटर पाण्याचा भार असेल तर ते सुमारे ५३ किलोच्या जोराने दाबलेले असते. त्यात लाकूड फुगलेले आणि भोवती वर्षानुवर्षांचा गाळ. पाण्यात बुडी मारून ते हाताने निघत नाही. सब्बलीचा, म्हणजे पहारीचा, तरफेसारखा उपयोग करून ते निघूही शकेल, पण तो प्रसंग दुसऱ्या कुणाला तरी द्या; गावातल्या एखाद्या दांडग्या माणसाला द्या, आणि त्याने सब्बल वाकवून परत यावे.

मग गुणवंताने काय करायचे? त्याने आधी पाहायचे. कल्पक मुलाचे पहिले लक्षण बनवणे हे नसते, निरखणे हे असते, आणि हे मी शाळेतल्या खऱ्याखुऱ्या उपद्व्यापी पोट्ट्यांवरून सांगतो. मातीच्या पाळीतून थोडे पाणी पाझरतच असते. पाझर स्वच्छ असेल तर पाळ टिकलेली असते. पाझर गढूळ झाला की पाणी आपल्याबरोबर पाळीची माती बाहेर नेत आहे, आतला मार्ग रुंदावत आहे आणि वेळ थोडा आहे असे समजायचे. एवढी एक गोष्ट हाती असली तर धोका दाखवायला तस्कराची गरज उरत नाही. नमुना म्हणून मी तो प्रसंग असा लिहीन:

पहाटेचा पाऊस थांबला होता. आबा पाळीच्या पायथ्याशी उकिडवे बसून ओल्या जागेकडे पाहत होते. "पाझर तं दरसालचाच हाये," ते म्हणाले. गुणवंताने दप्तरातला स्टीलचा पेला काढून झऱ्याखाली धरला, भरला आणि दगडावर ठेवून दिला. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग त्याने पेला तिरपा करून वरचे पाणी हळूच ओतून टाकले. तळाशी पिवळ्या मातीचा थर होता. "आबा, पानी गढूर हाये." आबांनी बोटाने ती माती चोळली आणि त्या सकाळी पहिल्यांदा मान वर करून पाळीकडे पाहिले.

इथे मी गुणवंत हुशार आहे असे कुठेही म्हटलेले नाही. पेला कुणाच्याही दप्तरात असतो.

यापुढचा उपाय तुमच्याच दुसऱ्या प्रकरणात पडून आहे, आणि तुम्ही त्याच्याकडे परत वळून पाहिले नाही याचे मला नवल वाटले. त्या प्रकरणात गुणवंत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मडक्यांची गाळणी मांडतो: वर बारीक रेती, तिच्याखाली जाड रेती, तळाशी दगडगोटे. तुम्ही ती केवळ त्याला बक्षीस मिळावे म्हणून आणली आहे. गढूळ झऱ्यावर तीच गाळणी लागते. झरा बुजवायचा नसतो, कारण एका ठिकाणी कोंडलेले पाणी दुसरीकडे तोंड काढते. पाण्याला वाट द्यायची आणि मातीला अडवायचे. गुणवंत धावत जाऊन झऱ्यावर आपली बक्षीसपात्र गाळणी जशीच्या तशी रचील, खाली दगड आणि वर रेती. दगडांच्या फटींतून माती पूर्वीसारखीच निसटेल, आणि खालून उसळणाऱ्या पाण्याने वरची रेती उधळून जाईल. तो फसेल, आणि फसण्याचे कारण त्याच्या स्वभावात असेल: ज्या गोष्टीसाठी टाळ्या मिळाल्या तिच्याकडे त्याने पुन्हा निरखून पाहिलेलेच नाही. मडक्यात पाणी वरून खाली येते, इथे ते खालून वर येते आहे. म्हणून क्रम पालटायचा. झऱ्यावर आधी बारीक रेती, तिच्यावर जाड रेती आणि मुरूम, आणि सर्वांत वर दगडांचे वजन. भोवती मातीच्या पोत्यांचे कडे, म्हणजे कड्यात साचलेले पाणी झऱ्याचा जोर काही अंशी तोलून धरील. मातीच्या धरणांवर अशा वेळी अभियंते करतात तो उपाय तत्त्वतः हाच आहे, त्यामुळे जाणकार वाचकही तुम्हाला हसणार नाही.

या प्रसंगाचे बळ गाळणीच्या चातुर्यात जेवढे आहे, त्याहून अधिक एका गोष्टीत आहे: वाचकाने ती गाळणी शंभर पानांपूर्वी पाहिलेली आहे. गुणवंताच्या आधी ती त्याला सुचू शकली असती. तुमच्या आजच्या मसुद्यात मात्र नायकाला गरज पडेल ती वस्तू त्याच क्षणी त्याच्या खिशातून निघते. तो खिसा शिवून टाका. संकटात वापरली जाणारी प्रत्येक वस्तू आधी कधीतरी, दुसऱ्याच कामासाठी, वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेली असली पाहिजे, आणि तेव्हा ती महत्त्वाची आहे असे तुमच्या निवेदनाने चुकूनही सुचवता कामा नये. हे जमले आहे की नाही हे तपासण्याची माझी एक जुनी रीत आहे. वर्गात प्रकरण मोठ्याने वाचायचे, उपाय सुचण्याच्या आधीच्या ओळीवर पुस्तक मिटायचे आणि विचारायचे की आता तो काय करील. सगळ्यांनी बरोबर सांगितले तर वस्तू फार ठळक दाखवली गेली. कुणालाच सांगता आले नाही तर ती दाखवलीच गेली नाही. चाळीस मुलांतल्या तिघाचौघांनी ओळखले आणि उत्तर वाचल्यावर उरलेल्यांनी कपाळावर हात मारला, की ते पान पुन्हा हाताळू नये.

तस्करांविषयी थोडक्यात. काळ्या गाडीतून येणारी, काळा चष्मा लावलेली ही मंडळी मला किमान वीस हस्तलिखितांत भेटली आहेत आणि ती कोणत्याच तालुक्यातली नसतात. तुमच्या तलावावर संकट आणायला बाहेरचा माणूस लागत नाही. तलावाचा मच्छीचा ठेका असतो. पुरात मासोळी सांडव्यावरून वाहून जाऊ नये म्हणून तिथे जाळी बांधतात. जाळीत काडीकचरा, बेशरमाच्या फांद्या, प्लॅस्टिक अडकते, सांडवा तुंबतो आणि पाणी पाळीवर चढू लागते. जाळी बांधणारा माणूस दुष्ट नाही. त्याने बीजासाठी कर्ज काढले आहे, आणि जाळी कापली तर त्याचे वर्षाचे पोट वाहून जाते. त्याचा मुलगा गुणवंताच्या बाकावर बसतो, एवढे केले की तुम्हाला तस्कर आठवणारही नाहीत. पाळीत बिळे करणारे खेकडे आणि उंदीर हेही खरे कारण आहे, पण २०१९ मध्ये कोकणातील तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर जे खापर फोडले गेले, त्यानंतर महाराष्ट्रातला कोणताही वाचक खेकडा दिसताच हसू लागतो. गंभीर प्रसंगी ते टाळावे.

तलावाच्या इतिहासावर तुम्ही सलग नऊ पाने दिली आहेत: गोंड राजांचा काळ, तलाव बांधणारा कोहळी समाज, १९५१ मध्ये मालगुजारी (इकडची जमीनदारी) संपल्यावर तलाव सरकारकडे जाणे आणि त्यांच्या नावापुढे 'माजी' हा शब्द लागणे. ही माहिती खरी आणि मोलाची आहे, परंतु नऊ पाने थांबून ऐकण्याइतकी सवड असलेला तेरा वर्षांचा वाचक मला अजून भेटायचा आहे. तिच्यातले एक वाक्य आबांच्या तोंडी ठेवा: पूर्वी दर उन्हाळ्यात अख्खे गाव गाळ काढायला आणि पाळीवर माती टाकायला उतरत असे, मग तलाव सरकारचा झाला आणि माती टाकायची कुणी हे ठरलेच नाही. संकटाचे मूळ त्यात आले.

मोठी माणसे कुठे आहेत, हा प्रश्न प्रत्येक किशोर साहसकथेला पडतो. तुम्ही आईवडिलांना लग्नासाठी नागपूरला पाठवले आहे. गरजच नाही. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आपल्याकडे सकाळी घराला कडी लागते ती अंधार पडताना निघते; बांधीत (धानाच्या शेतात) वाकलेल्या बायांना मान वर करायला वेळ नसतो आणि पऱ्हे (धानाची रोपे) काढून ठेवलेले असताना कुणी पोराच्या सांगण्यावरून काम सोडून येत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच गाव रिकामे होते, पण तेव्हा तलावही आटलेला असतो, म्हणून तुमच्यासाठी रोवणीच योग्य. मोबाइल चालत नाही असे सांगून सुटका करून घेऊ नका, ती पळवाट आता मुलांना पाठ आहे. फोन लागू द्या, पलीकडच्या माणसाने "बरं, पाहतो" म्हणून ठेवून देऊ द्या. ते अधिक भीतिदायक आहे.

आता एक गोष्ट मी सल्ला म्हणून नव्हे, आग्रहाने सांगतो. कुंपणात वीज सोडण्याचे प्रकरण पूर्णपणे काढून टाका. रानडुकरांसाठी तारेत थेट वीज सोडल्याने विदर्भात माणसे मेली आहेत, बैल मेले आहेत, वाघ मेले आहेत, आणि तो गुन्हाही आहे. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा आणि सेकंदाला साधारण एकदा असतो, खांबावरून ओढलेली वीज अखंड असते; हा फरक कथेच्या वेगात वाचकाच्या लक्षात राहणार नाही, युक्ती तेवढी राहील. मुलांसाठी लिहिलेली प्रत्येक युक्ती कोणीतरी करून पाहणारच असे धरून चालावे लागते. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी कागदी पिशवीखाली मेणबत्ती लावून उडवलेल्या फुग्याने इशारा देण्याचा प्रसंग मोठ्या हौसेने, मापांसह लिहिला होता. धानाची मळणी झाल्यानंतरच्या दिवसांत शेजारच्या गावातला एक मुलगा आणि त्याचे वडील माझ्या दारात उभे राहिले. फुगा छान उडाला होता आणि तणसाच्या (धानाच्या वाळल्या पेंढ्याच्या) ढिगावर उतरला होता. वडील रागावले नव्हते. त्यांनी फक्त जनावरांना आता उन्हाळाभर काय घालायचे एवढे विचारले. मी तणसाचे पैसे दिले, पण पुढच्या आवृत्तीत तो प्रसंग बदलेपर्यंत मला स्वस्थता नव्हती. गाळणीचा प्रसंग मला आवडतो त्याचे हेही एक कारण आहे: तो करून पाहणारा मुलगा फार तर चिखलाने माखेल.

भाषेबाबत तुमचा कल आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीकडे आहे आणि तो योग्यच आहे. मात्र संवादातला प्रत्येक 'ळ' 'र' करून आणि प्रत्येक 'ण' 'न' करून तुम्ही शब्दांची इतकी गर्दी केली आहे की साताऱ्याचा मुलगा सोडाच, आकोटचा मुलगाही अडखळेल. निवेदन प्रमाण मराठीत राहू द्या. संवादात वाक्याची ठेवण, 'काहून', 'हाये', 'तं' आणि अर्थ आपोआप कळेल असे एखाददुसरे रूप पुरते. 'गढूर' हा शब्द पेल्याशेजारी आला तर त्याला तळटीप लागत नाही. 'शारा' (शाळा) आणि 'डोरा' (डोळा) एकाच वाक्यात आले तर लागते, आणि साहसकथेत तळटीप वाचायला कुणी थांबत नाही.

शेवटच्या सत्काराची अकरा पाने मी पेन्सिलीने खोडली आहेत. गुणवंताला शाल मिळाली की नाही याने वाचकाला काही फरक पडत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पेला घेऊन पाळीच्या पायथ्याशी जाईल, पाणी भरून दगडावर ठेवील, आणि बहीण त्याच्या खांद्यावरून तळ पाहील. तिथे थांबा. नवा मसुदा पाठवण्यापूर्वी एक काम मात्र हाताने करा: एका जुन्या बादलीच्या तळाला भोक पाडून नळी जोडा, आत माती भरा, खालून पाणी सोडा आणि वर दोन्ही क्रमांनी गाळणी रचून पाहा. रेती नदीची, धुतलेली घ्या. पहिल्या क्रमात रेती कशी उकळल्यासारखी उसळते आणि तिचा आवाज कसा येतो, हे मला तुमच्या वाक्यात वाचायचे आहे.